नव्वद तासांचा विसर

१

सोमवारी सकाळी दहाला सिताराम घनसावंतने बटण दाबलं. पंखा घुमला, काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या आणि कॉम्प्युटर तिथंच खिळून राहिला. त्याने बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा त्याच दोन ओळी. अकराला त्याला व्हरांड्यातल्या स्टुलावर नेऊन बसवण्यात आलं. बाराला त्याच्याविरुद्धचा अर्ज टाइप होऊन अध्यक्षांच्या टेबलावर आला होता. वर तारीख, १७ जानेवारी १९९४. खाली सहीची जागा मोकळी.

उमादेवी हालगे देवगाव फाट्यावर एसटीतून उतरली तेव्हा पाऊण वाजला होता. परभणीच्या ज्या कंपनीने हा कॉम्प्युटर विकला, तिथं ती सहा महिन्यांपूर्वी लागली होती. वय तेवीस, इलेक्ट्रॉनिक्स घेऊन बी.एस्सी., खांद्याच्या पिशवीत मल्टिमीटर. थोरले इंजिनिअर नांदेडला अडकले होते, म्हणून आज पहिल्यांदाच ती एकटी आली होती. निघताना मालकांनी फोनवर सांगितलं होतं, "काही असलं तरी वापरणाऱ्याची चूक लिही. आपल्यावर येऊ देऊ नकोस."

कापूस बियाणे उत्पादक संघाची इमारत फाट्यापासून हाकेच्या अंतरावर होती. शेजारीच कापसातून सरकी काढणारं जिनिंग. तिथली कापसाची लव दिवसभर हवेत तरंगायची आणि खिडक्यांवर, टेबलांवर, माणसांच्या भुवयांवर बसायची.

"बसा बाई," अध्यक्ष चंद्रभान बोराडे म्हणाले. सगळे त्यांना नाना म्हणत. "काम सोपं हाय. सरकीच्या तीनशे बारा ढिगांची उगवण आमी तपासली, त्याचे निकाल ह्या मशीनात हायेत. उद्या सकाळी तपासणीचे साहेब येणार. बेस्तरवारी चार वाजता ह्या घनसावंतनं मशीन बंद केलं, खोलीला कुलूप लावून किल्ली माझ्या हातात दिली. शुक्रवारी संक्रांत आन् औरंगाबादच्या विद्यापीठाला नवं नाव लागायचं बी त्याच दिवशी, म्हणून सोमवारपर्यंत हापिस बंद. आज त्यानंच उघडलं. मधी कुणी न्हाई. मग केलं कुणी?"

"त्यांनी का करावं?"

"औरंगाबादला जायला बेस्तरवारची रजा मागत होता. मी दिली न्हाई. राग धरला." नानांनी अर्जावर बोट ठेवलं. "पाच वाजता हा कागद सेलूला, पोलीस ठाण्यात जाईल. तुमच्या रिपोर्टात 'कारण' म्हणून रकाना असतो ना? तिथं लिहा, मुद्दाम बिघडवला."

कॉम्प्युटर अजून पाहिलाही नव्हता आणि दोन माणसांनी तिला उत्तर सांगून टाकलं होतं. ती उठली. दाराबाहेर व्हरांड्यात स्टुलावर बसलेला तिशीचा माणूस जमिनीकडेच बघत होता. ती जवळून जाताना तो हळूच म्हणाला,

"मॅडम, आधी वरची ओळ वाचा. माझ्याशिवाय कुणी वाचलीच नाही ती."

२

वरची ओळ तारखेची होती: १ जानेवारी १९८०. खालची सांगत होती, हार्ड डिस्क सापडत नाही.

उमादेवीने ती दोनदा वाचली.

"नाना, ह्याला दोन आठवणी असतात," ती म्हणाली. "मोठी हार्ड डिस्कवर. तुमचे निकाल तिथं आहेत. दुसरी अगदी लहान. तिच्यात आजची तारीख आणि आपल्या पोटात कुठल्या मापाची डिस्क बसवलीय, एवढंच असतं. मशीन चालू असतं तोवर ती विजेवर जगते, बंद केलं की चार पेन्सिल सेलांवर. सेल संपले की सगळं विसरते. तारीख ऐंशी सालात जाते, आणि डिस्क समोर असून ओळखू येत नाही. मग युनिक्स, म्हणजे मशीन चालवणारा प्रोग्राम, सुरू होणार कुठून?"

"म्हंजे निकाल गेले न्हाईत?"

"बहुतेक नाहीत."

"बहुतेक," नाना म्हणाले. "बरं. मग ह्यानं सेल काढून परत घातले असतील. इसरायला तेवढं बास हाय की."

हे खरं होतं. तिने डबा वळवला आणि मागच्या पाच स्क्रूंकडे बघत राहिली. पाचही डोक्यांवर लवेचा करडा थर बसला होता, खाचा बुजून गेल्या होत्या. नखाने एक खाच कोरली तेव्हा लवेची घट्ट गोळी निघाली.

"हे टेबल केव्हा पुसलं?"

"बेस्तरवारी," दारातून सिताराम म्हणाला.

टेबलावर बोट फिरवलं तर चार दिवसांची लव नुसती भुरभुरत होती. स्क्रूवरची जमून खपली झाली होती. "हा डबा निदान तीन-चार आठवडे कुणी उघडलेला नाही," ती म्हणाली. "गुरुवारी नाही आणि आजही नाही."

तिने सितारामला आत बोलावलं आणि स्क्रू काढता काढता विचारलं, "रजा मिळाली नाही म्हणून राग आला होता?"

"आला की. पण मॅडम, सोळा वर्षं वाट बघितली त्या नावाची. माझा बाप वाट बघत बघत गेला. ते नाव लागायच्या आदल्या दिवशी मी मशीनवर राग काढीन? त्या दिवशी तर जागा न देणाऱ्या कंडक्टरलासुद्धा मी राम राम घातला असता."

झाकण निघालं. सेल जागच्या जागी होते, चारही. मीटरचा काटा सहा व्होल्टवर जायला हवा होता. तो अडीचच्या जरा पुढे जाऊन थांबला. तिने सेल हातात घेतले. चारहींची एक बाजू लाल, दुसरी फिकट गुलाबी. बुडाशी चुन्याचे दोन-दोन ठिपके.

"हे कुणी घातले?"

"मीच. वीस डिसेंबरला. स्टोअरमधून नवे चार घेतले होते, रंगाकडे काही बघितलं नाही."

नवा सेल ह्या कामाला वर्षभर सहज पुरतो. ती ते बोलली नाही, पण नाना ऐंशी सालापासून संघ चालवत होते. त्यांनी तिचा चेहरा वाचला.

"नवे घेतले," ते म्हणाले, "आन् आत जुने निघाले. मग नवे गेले कुठं, सिताराम?"

३

अर्जात एक ओळ वाढली: संघाचे सेल लांबवले. टाइपरायटरचा आवाज भिंतीपलीकडून येत होता.

सितारामने तिला एक नाव दिलं होतं. बन्सीधर ताठे, संघाचा मोठा बियाणेवाला. त्याचे सात ढीग उगवणीत नापास झाले होते. गुरुवारी दुपारी तो कॉम्प्युटरच्या खोलीत येऊन "आकडा जरा सरळ कर" म्हणाला होता आणि सितारामने नाही म्हटलं होतं.

बन्सीधर जिनिंगच्या आवारात सरकीच्या पोत्यावर बसून सुपारी कातरत होता.

"तुमी मशीनवाल्या बाई," तो म्हणाला. "आता माझ्यावर आलात व्हय? या. बसायला पोतं हाय."

"यादी गेली तर तुमचा फायदा होतो, काका."

"होतो ना. परत चाचणी होईल, परत बी टाकतील, कोण जाणे पास बी होईल. यादी गेली म्हणल्यावर सकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या." त्याने सुपारीची खांडं पुढे केली. "पण त्या डब्याचं तोंड कोणतं आन् शेपूट कोणतं, मला ठाव न्हाई. बैल असता तर सांगितलं असतं."

"गुरुवारी तुम्ही खोलीत एकटे होता का?"

"एकटा कशाला? तो घनसावंत हलंना तिथून. आकडा बदलीना, वरून नापासांची यादी छापून माझ्या हातात दिली. म्हणे, दाद मागायची तर ही लावा अर्जाला." बन्सीधरने बंडीच्या खिशातून घडी काढली. "ही घ्या. बघायची इच्छा राहिली न्हाई मला."

तिने कागद उघडला. सात ढीग, सात आकडे, आणि माथ्यावर कॉम्प्युटरने स्वतः छापलेली तारीख: १३ जानेवारी १९९४, दुपारचे तीन.

म्हणजे गुरुवारी तीनला लहान आठवण शाबूत होती. डबा त्यानंतर उघडला गेला नाही. बन्सीधर सुटला. पण संशय घ्यायला दुसरं कुणी न उरल्याने सितारामभोवतीचं रिंगण आणखी आवळलं गेलं, आणि ते आवळायला तिनेच हात लावला होता. घड्याळात सव्वादोन झाले होते.

परत चालताना तिने मनात गणित मांडलं. गुरुवारी चार ते सोमवारी दहा, नव्वद तास. एरवी रात्री मशीन सोळा-सतरा तास बंद असतं, रविवार धरून चाळीस. मरायला टेकलेले सेल चाळीस तास तग धरतील आणि नव्वदला कोलमडतील. कुणी काही करायची गरजच नव्हती. फक्त मशीन बंद राहायला हवं होतं.

कसं झालं हे आता कळलं होतं. पण संपत आलेले सेल आत आले कुठून, ह्याला कागदावर एकच नाव होतं.

४

स्टोअर इमारतीच्या मागच्या टोकाला होतं. दारात धोंडप्पा बसले होते, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा.

"शरणार्थ, मामा. मी उमादेवी हालगे," ती लिंगायती रिवाजाने म्हणाली.

"शरणार्थ. हालगे म्हणलीस न्हवं? परभणीच्या महालिंगअप्पांची का तू?" तिने मान हलवताच म्हाताऱ्याचा चेहरा उजळला. "तुझ्या बापाच्या लग्नात बुंदीवर मी होतो, पोरी. जेवलीस का? वांग्याची भाजी हाय, बस."

ती बसली, दोन घास खाल्ले आणि आपण ह्यांचं अन्न खायला नको होतं असं तिला वाटत राहिलं. मग तिने सेलांचं रजिस्टर मागितलं.

वीस डिसेंबरची ओळ स्वच्छ अक्षरात होती. पेन्सिल सेल, नवे, नग चार. पुढे सितारामची सही. ह्या ओळीवर त्याला तुरुंग मिळू शकत होता.

"मामा, मला मशीनसाठी नवे सेल लागतील. चार."

"देतो की." धोंडप्पांनी खालच्या फळीवरचा पत्र्याचा डबा ओढला. त्यात सुटे सेल होते, पंधरावीस. एक बाजू लाल, दुसरी गुलाबी.

"हे नाही. नवे."

"हे चालतात, पोरी. नानांच्या घड्याळात हेच हायेत. जुनं आधी संपवावं, नवं मागं ठेवावं. बियाला तोच कायदा, सेलाला तोच."

ती उभी राहिली. वरच्या फळ्यांवर न उघडलेल्या वस्तू ओळीने मांडल्या होत्या: कागदाची रिमं, खराटे, बल्ब, घमेली, पाच वर्षांपूर्वीच्या दौती. कुणाला दिल्याच नव्हत्या. आणि कोपऱ्यात पेन्सिल सेलांची पाकिटं, चार-चारची, चिकटपट्टीसकट. एक, दोन, तीन.

तिने रजिस्टर मागे उलटलं. दिवाळीच्या आधी आवक: पाकिटं तीन. त्यानंतर दुसरी आवक नाही. एक पाकीट सितारामला दिलं असेल, तर फळीवर दोन हवी होती.

धोंडप्पा तिच्या बोटाकडे बघत होते. रजिस्टर त्यांनी हळूच मिटलं.

"गडबड करू नको, बाळ," ते म्हणाले. "आपल्या माणसानं आपल्या माणसाला अडचणीत आणू न्हाई."

५

तीन वाजून गेले होते. झाडलोट आणि चहा बघणाऱ्या कमलबाई व्हरांड्यात कप विसळत होत्या. उमादेवीने लाल-गुलाबी सेल त्यांच्यापुढे धरला.

"मावशी, हे असं कशानं होतं?"

"उन्हानं," कमलबाई म्हणाल्या. "धोंडप्पामामा गच्चीवर वाळू घालायलेत की. मरायला टेकलेले सेल समदीकडून गोळा करत्यात, चार दिस ऊन दाखवलं की जित्ते होत्यात म्हणे. एकदा वाळवला की चुन्याचा एक ठिपका, दुसऱ्यांदा दुसरा. तिसऱ्यांदा मेला तर मग टाकायचा. मी म्हणलं, मामा, आता मला बी वाळू घाला एकदा."

उमादेवी जिना चढून गेली. जुन्या धोतराच्या तुकड्यावर बारा सेल ओळीत झोपले होते, पश्चिमेच्या उन्हात तापलेले. तिने त्यातले चार घेऊन मीटर लावला. पाच पॉइंट सहा व्होल्ट. काटा बघून कुणीही म्हटलं असतं, सेल ठणठणीत आहेत.

पण काटा फक्त तोंडदेखली ताकद दाखवतो. पिशवीतला छोटा बल्ब तिने त्या चार सेलांना जोडला आणि घड्याळ समोर धरून बसली. बल्ब झगझगीत लागला. तीन मिनिटांत पिवळा झाला, सातव्या मिनिटाला तांबडा. अकराव्या मिनिटाला नुसती तार दिसत होती.

तिच्यामागे कुणीतरी दम लागून उभं होतं. धोंडप्पा. त्यांनी तो बल्ब विझताना पाहिला होता.

"मशीनातल्यांना दोनदा ऊन दाखवलं होतं," ते म्हणाले. "मला वाटलं, वर्ष काढतील."

"मग रजिस्टरात नवे का लिहिलं, मामा?"

"रकाने दोनच हायेत. नवे आन् निकामी. निकामी लिहून द्यायचे कसे? उन्हातल्यांना रकाना न्हाई." त्यांनी चष्मा काढला. "मी सेल खाल्ले न्हाईत, पोरी. तीस वर्षांत एक खिळा घरी नेला न्हाई."

"मला ठाऊक आहे. पण खाली एक माणूस स्टुलावर बसलाय, आणि पाचला अर्ज जाणार आहे."

जिनिंगचा पट्टा खाली घरघरत होता.

"माझं नाव न काढता न्हाई का जमणार?" त्यांनी विचारलं.

ते तिलाही हवं होतं. 'सेल सदोष' असे दोन शब्द लिहिले की झालं असतं. मग तिला रजिस्टरातली ती स्वच्छ ओळ आठवली. सदोष सेल आणि रजिस्टरात नवे, ह्या दोहोंच्या मध्ये सितारामशिवाय कुणीच उरत नव्हतं.

"नाही जमणार, मामा."

६

सव्वाचारला तिने फळीवरच्या एका पाकिटाची चिकटपट्टी धोंडप्पांकडून सोडवून घेतली. त्यांच्या बोटांना ते जड गेलं. नवे सेल बसवून तिने डिस्कवरच्या चिठ्ठीची लव फुंकरीने उडवली आणि तिच्यावरचे आकडे कॉम्प्युटरला एकेक करून सांगितले. एक आकडा चुकला आणि डिस्कवर भलतं काही लिहिलं गेलं, तर तीनशे बारा निकाल खरोखरच गेले असते. सितारामने तिच्या खांद्यामागून तेच आकडे तिच्याबरोबर पुटपुटत पडताळले. तिने तारीख घातली आणि बटण दाबलं.

पडदा काळा राहिला. नाना खाकरले. मग डिस्क कुरकुरली, एक ओळ आली, तिच्यामागे दुसरी, आणि युनिक्स एकेक फाइल तपासत वर सरकू लागलं. पावणेपाचला सितारामने यादी काढली. तीनशे बारा.

नानांच्या खोलीत तिने सगळं क्रमाने मांडलं: स्क्रूवरची लव, गुरुवारचा छापील कागद, नव्वद तास, दोन ठिपके, तीन पाकिटं. शेवटी बल्ब पुन्हा लावून दाखवला. नाना बल्बकडे कमी आणि धोंडप्पांकडे जास्त बघत होते.

"रजिस्टरातली ती ओळ मी लिहिली, नाना," धोंडप्पा म्हणाले. "उन्हातले सेल मी दिले. पोराला ठावबी न्हवतं."

"मामा, तुमी बी." नानांनी कपाळ चोळलं. मग अर्ज उचलून त्याची दोन टोकं धरली. "चला. झालं गेलं. फाडून टाकतो. सिताराम, जा, यादी छाप."

"फाडू नका, नाना," सिताराम म्हणाला.

दिवसभरात तो पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्याला डोळा देऊन बोलत होता.

"मग काय करू त्याचं?"

"अर्ज झाला हे दुपारीच फाट्यावर कळलंय. महिन्यानं कुणी चहा पिताना म्हणंल, ह्याच्यावर चोरीचा अर्ज होता. मी काय दाखवू? तुकडे? त्याच कागदावर खाली लिहा, की हे खरं नव्हतं. का नव्हतं ते लिहा. तारीख टाका, सही करा."

"माझ्या शब्दावर भरोसा न्हाई का तुझा?"

"तुमच्या शब्दावरच अकरापासून स्टुलावर बसलो होतो."

उमादेवीने आपल्या रिपोर्टच्या 'कारण' रकान्यात लिहायला सुरुवात केली होती. तिथं दोन बोटांची जागा होती आणि तिचं लिहिणं समासात गेलं होतं. मालक काय म्हणतील ते ती उद्या ऐकणार होती. परभणीची एसटी फाट्यावर हॉर्न देऊन निघून गेली. तिने मान वर केली नाही.

नानांनी पेनचं टोपण काढलं. चार ओळी लिहायला त्यांना दहा मिनिटं लागली. "माझी बी सही घ्या," धोंडप्पा म्हणाले आणि वाकून, चष्मा कागदाला टेकेल इतकं वाकून, त्यांनी नाव लिहिलं.

सितारामने कागद उभ्यानेच वाचला. एकदा भरभर, एकदा शब्दावर बोट ठेवून. मग तो टेबलावर परत ठेवला.

"हा फाइलला लावा. मला एक नक्कल पाहिजे."

टायपिस्ट पाचलाच घरी गेला होता. नानांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग कोरा कागद पुढे ओढला आणि पहिल्या ओळीपासून स्वतःच्या हाताने उतरवायला घेतलं.